सगळं मावतंय

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मशीन गाळ्यात आलं. चिंचपोकळीच्या गल्लीत टेम्पो वळेना, म्हणून शेवटची पन्नास पावलं सहा हमालांनी उचलून आणलं. अण्णा पुढे उलटे चालत, "डावीकडं घ्या, आणखी डावीकडं" करत होते आणि आपल्याच गाळ्याच्या उंबऱ्याला अडखळले. सगळे हसले. अण्णाही हसले.

नोकरी सोडली तेव्हाच ठरवलं होतं की या धंद्याचं पहिलं वर्ष लिहून ठेवायचं. रोज नाही, काही घडेल तेव्हा. सात वर्षं लोअर परळच्या एका काचेच्या ऑफिसात मी दुसऱ्यांचे पासवर्ड बदलून दिले, अडकलेले प्रिंटर सोडवले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे केले, आधी गिरणीच्या सुतारखात्यात, मग इथल्या ओतशाळांसाठी. ओतशाळा शहराबाहेर गेल्या आणि अण्णांचा भाड्याचा गाळा तीन वर्षं कुलपात पडून राहिला. आता लाकूड त्यांचं, कॉम्प्युटर माझा, असं आमचं ठरलंय.

मशीन म्हणजे लाकडावर कोरणारा राऊटर. आकृती कॉम्प्युटरला द्यायची, वरून फिरणारा बिट, म्हणजे कोरायचं पातं, खाली येतो आणि ती लाकडात कोरतो. एका बंद झालेल्या कारखान्यातून जुनं घेतलंय, कॉम्प्युटरसकट. कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, ते मला येतं. स्क्रीन मात्र लोखंडी पेटीत बसवलेली, शाळेच्या पाटीएवढी.

संध्याकाळी चालू केलं आणि पहिलाच खोडा. प्रोग्रामची विंडो स्क्रीनपेक्षा उंच. खालची चार बोटं स्क्रीनच्या खाली बुडालेली आणि नेमकी सगळी बटणं तिथेच.

"चालतं ना?" अण्णांनी विचारलं.

"चालतं. फक्त बटण दिसत नाही."

"मग दाबायचं कसं?"

"करते काहीतरी. ते माझं काम."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. ऑल्ट दाबून धरायचं आणि माउसने विंडो कुठेही पकडून वर ओढायची. वरचा भाग स्क्रीनच्या बाहेर जातो, खालची बटणं वर येतात. अण्णांना करून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे आपल्या खोलीतल्या कपाटासारखं. एक दार उघडायचं तर आधी खाट सरकवा."

बटण दिसत नसलं तरी एंटर दाबलं की काम होतं, हेही शिकवलं. ते त्यांना आवडलं. एंटरवर त्यांनी फेव्हिकॉलचा एक थेंब टाकून वाळवला. "बोटाला कळतं कुठंय ते," म्हणाले. जुन्या कारागिराची युक्ती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं मोठं काम! अजितदादा गाळ्यावर आले होते. ते आमच्या चाळीमागच्या बुद्धविहाराचे सेक्रेटरी. बुद्धपौर्णिमेला विहाराला साठ वर्षं होतायत. सागाचा एक मोठा फलक हवाय: मधोमध पिंपळपान, आणि खाली विहार बांधणाऱ्या एकतीस माणसांची नावं. सगळे गिरणीतले. अकरावं नाव अण्णांच्या वडिलांचं.

"हाताने कराल की मशीनने?" अजितदादांनी विचारलं.

"पान मी हाताने करीन," अण्णा म्हणाले. "नावं मशीन करेल."

मला थोडं आश्चर्य वाटलं. अक्षरं कोरणं हा अण्णांचा जीव. गल्लीतल्या अर्ध्या पाट्या त्यांच्या हातच्या आहेत. पण ते मशीनवर विश्वास टाकतायत, याचा मला आनंदच झाला.

घरी आईला सांगितलं. ती अण्णांचं ताट वाढत होती. हल्ली तिची एक नवीनच सवय, ताट ठेवताना सांगते: "भात डावीकडं, माशाचा तुकडा समोर, काटे काढलेत." मी म्हटलं, आई, अण्णा काय पाहुणे आहेत का? ती म्हणाली, "तुझं तू जेव."

२ मार्च, रविवार

आज सकाळी कॉम्प्युटर लावला तर सगळी अक्षरं आपोआप मोठी झालेली. दीडपट तरी. विंडो आणखी फुगली, अर्धी स्क्रीनखाली. कोणी हात लावला नव्हता. परवा मी दादरला लाकूड बघायला गेले होते तेव्हा गाळ्यात फक्त अण्णा होते.

"अण्णा, तुम्ही काही केलंत?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं? आपोआप झालं असेल."

सेटिंग परत छोटं केलं.

६ मार्च, गुरुवार

पुन्हा मोठं झालं. पुन्हा छोटं केलं. असं कसं होतं? बंद करून चालू केल्यावर सेटिंग पुसलं जातंय की काय? जुनी डिस्क आहे, ती जात असेल.

संध्याकाळी गाळा बंद करून पुलावरून घरी येताना अण्णांनी माझा कोपर धरला तो चाळीपर्यंत सोडला नाही. मी लहान असताना मी त्यांचा धरायची. फार बरं वाटलं. ऑफिसात असते तर या वेळेला कुठल्यातरी मीटिंगमध्ये बसले असते.

१५ मार्च, शनिवार

फळी गेली. दादरच्या एका डॉक्टरीणबाईंची नावाची पाटी, शिसवी. अक्षरं पुन्हा आपोआप मोठी झाली होती, आणि मी घाईत होते. 'सुरुवातीपासून' की 'थांबलं तिथून', असं विचारणारी एक चौकट येते. ती एवढी मोठी झाली होती की खालची ओळ स्क्रीनखाली. मी एंटर मारला. मशीन भलत्याच ठिकाणी उतरलं आणि डॉक्टरीणबाईंच्या नावातून आरपार चर काढत गेलं.

मी ओरडले. अण्णांवर नाही, मशीनवर. पण गाळा केवढा, आणि त्यात ऐकणारे तेच. ते फळीपाशी आले आणि चरावरून अंगठा फिरवत राहिले, डोळे दुसरीकडेच.

"माझ्यामुळं झालं," म्हणाले.

"तुमच्यामुळं कसं होईल? स्क्रीनमुळं झालंय."

त्यांनी फळी उचलून भिंतीला उलटी लावून ठेवली.

१७ मार्च, सोमवार

शेजारच्या गाळ्यात हितेंद्रकाका खोके बनवतात, मिठाईचे, भेटवस्तूंचे. माझी कटकट भिंतीपलीकडे ऐकू जात असणार. चहाला आले.

"अगं अक्षता, मोठा मॉनिटर लाव ना. माझ्याकडे एक चांगला चोवीस इंची पडलाय. घेऊन जा, धूळ खातोय."

"पेटीत बसणार नाही काका. आणि लाकडाच्या भुशात उघडा ठेवला तर महिन्यात जाईल."

"प्लॅस्टिक गुंडाळ. काय रामजीभाऊ?"

अण्णा पॉलिशपेपर घडी करत होते. हळूच म्हणाले, "मोठा बरा पडेल."

"अण्णा, गरज नाही हो. सेटिंगचा प्रश्न आहे. सेटिंगने सुटेल."

हितेंद्रकाका अण्णांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग चहा संपवून गेले. खरं सांगायचं तर भुशाचं कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला हरायचं नव्हतं. सात वर्षं हेच तर काम केलं, आणि स्वतःच्या गाळ्यातली एक विंडो मला स्क्रीनमध्ये बसवता येऊ नये?

२९ मार्च, शनिवार

जमलं! जमलं! जमलं!

इंटरनेटवर एका फोरमवर विचारलं होतं. जगात माझ्यासारखे पुष्कळ रडतायत. छोट्या स्क्रीनवर लिनक्सच्या विंडो मावत नाहीत, 'ठीक' आणि 'रद्द' खाली बुडतात, हे दहा-पंधरा वर्षांचं जुनं दुखणं आहे. कोणी म्हणे फॉन्ट छोटा करा, कोणी म्हणे स्क्रीन बदला. एकाने एका ओळीची आज्ञा दिली. तिने सगळं चित्रच सव्वापट आखडतं. कॉम्प्युटरला वाटतं, आपली स्क्रीन मोठी आहे, आणि तो सगळं त्यात बसवतो. अक्षरं जरा धूसर, मुंगीच्या पायांसारखी होतात, पण प्रत्येक बटण, प्रत्येक ओळ समोर. काहीही खाली नाही.

आणि मोठ्या अक्षरांचं सेटिंग मी पासवर्ड घालून बंदच करून टाकलं. आता आपोआप काय, कोणी मुद्दाम म्हटलं तरी बदलणार नाही.

"बघा अण्णा! सगळं मावतंय."

ते स्क्रीनपाशी वाकले. खूप जवळ, नाक टेकेल इतके. मग मान जरा तिरकी केली.

"बारीक झालंय जरा."

"सवय होईल."

"हो. होईल की."

आज घरी येताना लालबागवरून मटण घेतलं.

८ एप्रिल, मंगळवार

अण्णांना काय झालंय कळत नाही. एवढं सगळं नीट बसल्यावर त्यांचा हुरूप वाढायला हवा, तर ते मशीनजवळ यायलाच तयार नाहीत. दर पाच मिनिटांनी "अक्षू, काय म्हणतंय बघ गं." मी बोर्ड घासत असते, फोनवर असते, कामं सोडून उठते आणि बघते तर साधी 'बिट बदला'ची सूचना. आज चिडून बोलले, "अण्णा, वाचा ना तुम्ही. सगळं समोर लिहिलेलं असतं."

"इंग्रजीत असतं."

हे मात्र खरं. आणि मला लाज वाटली. आपल्या माणसासाठी मशीन आणलं आणि त्याच्याशी ते इंग्रजीत बोलतंय. दुपारी बसून सगळ्या सूचना मराठीत केल्या. मुख्य दोन. पहिली, 'बिट बदला, मग एंटर'. बदलून एंटर दाबलं की दुसरी, 'हात काढा, बिट फिरेल, एंटर'. दोन्ही एकाच मापाच्या चौकटीत, एकाच जागी, एका ओळीत नेमक्या बसवल्या. मराठीला वरखाली मात्रा-उकार लागतात, म्हणून अक्षर आणखी थोडं लहान करावं लागलं.

अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"छान केलंस," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मराठी बघून भरून आलं असावं.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. चाळीत दिवसभर गर्दी, पाहुणे, निळे फेटे. आज सकाळी निवांत होतो, अण्णा म्हणाले, "पेपर वाचून दाखव." हल्ली रोज म्हणतात. मी म्हटलं, तुम्हीच वाचा की, तुमचा हक्काचा पेपर. म्हणाले, "तुझ्या तोंडून ऐकायला गोड वाटतं." वाचला. अग्रलेखासकट.

पिंपळपान कोरून झालंय. काय पान आहे! शिरा बोटांखाली जिवंत लागतात. अण्णांनी ते जवळजवळ न बघता केलं, बोटांनीच चाचपत, पटाशीची धार नखावर घेत. मी व्हिडिओ काढला. एवढा हात बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

उद्यापासून नावं.

२३ एप्रिल, बुधवार

अण्णांचा हात मशीनमध्ये गेला.

२६ एप्रिल, शनिवार

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय. आई आत आहे.

नाव चौदावं चालू होतं. मोठ्या अक्षरांना जाड बिट, काना-मात्रांना बारीक, म्हणून प्रत्येक नावाला मशीन थांबतं आणि बिट बदलायला सांगतं. तेरा नावं मी समोर उभी होते. चौदाव्याला कुरियरवाला हितेंद्रकाकांच्या दाराशी माझं पार्सल घेऊन उभा, सही मागत होता. मी म्हटलं, "अण्णा, एवढं एक बदला, मी आलेच." ते म्हणाले, "जा."

सहीला किती वेळ लागतो? तेवढाच वेळ.

त्यांनी बिट बदलला आणि एंटर दाबला. दुसरी चौकट आली: हात काढा. त्यांना वाटलं, पहिलीच अजून तशीच आहे, एंटर लागला नसेल. त्यातच नट थोडा सैल वाटला. म्हणून उजवा हात पान्यासकट आत, आणि डाव्या हाताने पुन्हा एंटर.

आवाज मी बाहेरून ऐकला. पाना उडून पत्र्यावर आदळला, त्याचा. अण्णांचा आवाजच आला नाही. मी धावत येऊन लाल बटण दाबलं. ते उभेच होते, हात छातीशी धरून. मला म्हणाले, "फळी बघ. फळीला लागलं नाही ना?"

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली. डॉक्टर म्हणाले, शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन्ही चौकटी मी केल्या. एकाच मापाच्या. एकाच जागी. मला त्या सुबक दिसत होत्या.

३० एप्रिल, बुधवार

जखम भरायला किती दिवस लागतील विचारलं तर डॉक्टरांनी साखर तपासली, आणि मग म्हणाले, डोळेही दाखवून घ्या. मला वाटलं, नेहमीची पद्धत असेल.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. अण्णांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग मला आत बोलावलं.

"साखरेने दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मधला भागच गेलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. वाचता तर येतच नसेल."

"येतं," मी म्हटलं. "ते काम करतात. मशीन चालवतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. अण्णांना विचारलं, काका, वरचं सगळ्यात मोठं अक्षर कुठलं? अण्णांनी मान तिरकी केली, तशीच, स्क्रीनपुढे करायचे तशी. बराच वेळ गेला.

"नाही दिसत, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले.

किती दिवसांपासून, असं मी बाहेर बाकावर विचारलं. ते बँडेजकडे बघत राहिले, किंवा मला वाटलं बघतायत.

३ मे, शनिवार

गाळ्यात गेले होते. मशीन पुसायचं होतं. हितेंद्रकाका दारात आले आणि आत येईनात.

"अक्षता, मला बोलायचंय."

"बोला."

"ती मोठी अक्षरं... ते सेटिंग मी दाखवलं होतं त्यांना. फेब्रुवारीत. तू दादरला गेली होतीस. त्यांनी विचारलं, मोठं करता येतं का. मी करून दिलं, आणि कसं करायचं तेही शिकवलं. तू सकाळी छोटं करायचीस, तू बाहेर गेलीस की ते परत मोठं करायचे."

मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"कोणाला सांगू नका म्हणाले. शपथ घातली. म्हणाले, पोरगी नोकरी सोडून बसलीये. मी मॉनिटरचं त्याच्यासाठीच बोललो गं. आणखी काय करणार होतो मी?"

त्यांनी सांगायला हवं होतं. भिंतीला भिंत लागून दोन महिने बसले आणि नुसते खोके घडी करत राहिले. मी हे त्यांना बोलले. फार वाईट शब्दांत बोलले. ते ऐकून घेऊन गेले.

मग कॉम्प्युटर लावला. सगळं मावत होतं. एक बटण खाली नव्हतं. उजव्या हाताची तीच दोन बोटं दुमडून मी एका जागी किती वेळ उभी राहिले, माहीत नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं, अण्णा मोठं करायचे आणि मी छोटं करायचे. ती भाकरी थापत होती. तिने मागे वळून न बघता म्हटलं, "दिवसभर त्यांच्याबरोबर तूच असायचीस. तुला दिसलं नाही?"

तिचं बरोबर आहे. ती घरी, चार भिंतींत, तिला बिचारीला कुठून कळणार. मलाच दिसायला हवं होतं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो नाही. अण्णा म्हणाले, तू जा, मी म्हटलं, तुम्ही नाही तर मी नाही. आई एकटी पांढरी साडी नेसून गेली.

अजितदादांनी शेवटी फ्लेक्स छापून घेतला. एकतीसच्या एकतीस नावं, पिंपळपानाचा फोटो मागे. माझ्याच व्हिडिओतला. दुपारी खीर घेऊन आले तेव्हा म्हणाले, "फलकाची घाई नाही. पुढच्या वर्षी लावू. कोणाकडून तरी उरलेली नावं..." आणि खिरीचा डबा पुढे सरकवला.

अण्णा म्हणाले, "फळी तशीच न्या. चौदावं नाव अर्धंच कोरलं गेलंय, तेवढं घासून टाका. अर्धं नाव बरं दिसत नाही."

"घासायचं कशाला, काका?"

"तो शिवराम मोकळ. माझ्या बापाच्या साच्यावरचा, गिरणीतल्या त्याच मागावरचा. त्याला अर्धा नका लावू."

अजितदादा माझ्याकडे बघायला लागले. मी उठून आत गेले. आत म्हणजे पडद्याच्या पलीकडे, आमच्या खोलीत दुसरीकडे जायला जागा नाही. तिथून सगळं ऐकू येतच होतं.

२४ मे, शनिवार

आज बोलले ते. मी विचारलं नव्हतं. खिडकीत बसले होते, मी औषध लावत होते.

"दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं डॉक्टरने. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला. दोन घेतली. डोळा दुखतो, चार दिवस काही करता येत नाही. मग तू म्हणालीस, अण्णा, गाळा उघडू या."

"मग मला सांगायचं ना! आधी डोळे केले असते. गाळा कुठे पळत होता?"

"तुला कळलं असतं तर तू नोकरी सोडली नसतीस."

"नसतीच सोडली!"

"तेच." त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "सकाळी ऑफिसला जाताना तुझा चेहरा बघायचो मी. तेव्हा दिसायचा. म्हटलं, एक वर्ष चालू दे. पोरीला काम लागलं की मग सांगू."

मी म्हटलं, मी पासवर्ड घातला अण्णा. तुम्ही मोठं करू नये म्हणून. मी तुम्हाला वाचता येऊ नये असं केलं.

"तुला कुठं माहीत होतं?"

"मी विचारलं का?"

"मी सांगितलं का?"

पट्टी बांधायची राहिली होती, ती बांधली. त्या हाताला आता मूठ होत नाही. पाना, पटाशी, हातोडी, काहीच धरता येत नाही. आणि डोळे परत येणार नाहीत. इंजेक्शनं सुरू केलीत, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आहे तेवढं टिकवण्यासाठी. ते सगळे दिवस बोटांनी बघत होते. आणि त्या बोटांतली दोन मी घेतली.

हे त्यांना बोलले नाही. इथे लिहितेय.

७ जून, शनिवार

मशीन गेलं.

मेघना म्हणून बाई, डोंबिवलीला लाकडी खेळणी करतात. त्या बघायला आल्या, तेव्हा अण्णा हट्टाने आले गाळ्यावर. आई नको म्हणत होती.

बाईंनी सगळं नीट बघितलं. पेटीपुढे वाकून म्हणाल्या, "स्क्रीन फार लहान आहे हो. काही अडतं का?"

मी काय सांगायचं ते आठवडाभर ठरवत होते. सगळं सांगितलं. विंडो खाली जाते, मी आखडून बसवली, सगळं मावतं पण वाचता येत नाही. म्हटलं, हे नेलंत तर आधी मोठी स्क्रीन लावा, मग बाकी सगळं. तोवर कोणाला हात लावू देऊ नका. आणि दोन सूचना एकसारख्या ठेवू नका, एक लाल करा, एक हिरवी, एक वर, एक खाली, काहीही करा पण एकसारख्या ठेवू नका. माझा आवाज चढला असावा, कारण त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि मग त्यांची नजर अण्णांच्या हातावर गेली.

अण्णा भिंतीशी स्टुलावर होते. तिथूनच म्हणाले, "ताई, मशीनला काही दोष नाही. पोरीने अगदी नीट बसवून दिलं होतं सगळं. माझाच हात चुकला. म्हातारा माणूस, चुकतो."

बाईंनी मान हलवली. त्यांना पटलं. मला वाटलं, आता ओरडावं, नाही, असं नाही. पण मी ज्या माणसासाठी ओरडणार होते, त्याच माणसाने ते वाक्य इतकं जपून, इतकं पाठ केल्यासारखं म्हटलं होतं की तोंडच उघडलं नाही.

चार माणसं आली, मशीन उचलून नेलं. गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज येत राहिला, मग नाही.

गाळा एकदम मोठा वाटायला लागला. अण्णा उठले. "मालकाला चावी द्यायची तर साफ करून देऊ," म्हणाले. मी झाडू घ्यायला पुढे झाले, तर म्हणाले, "असू दे. मी करतो." डाव्या हाताने झाडू धरला आणि मशीन उभं होतं तिथून सुरुवात केली. वाकून, सावकाश, एकेक फरशी. दारापर्यंत यायला त्यांना पाऊण तास लागला. सुपलीत सागाचा भुसा भरला, बाहेरच्या डब्यात ओतला. कपाळ पुसलं.

भिंतीलगत, त्यांच्या बरोब्बर समोर, भुशाची एक अख्खी रेघ तशीच होती. सहा फूट लांब.

"झालं ना साफ?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि शटर ओढलं.